हत्तीचा मागचा डावा पाय

आमच्या ह्यांनी घरातल्या सगळ्या बायकांचा मिळून एक हत्ती रंगवला. सासूबाई वाकून हत्तीचं डोकं झाल्या, वन्सं हात लांबवून सोंड, धाकट्या जाऊबाई वेणीसकट शेपूट. पाठीवर निळा देव बासरी घेऊन ऐसपैस बसलेला. मी स्वतःला शोधत खाली खाली गेले, तर मागच्या डाव्या पायात उकिडवी! चेहराही नाही, नुसती पाठ.

"अगं, तू तर आधार आहेस," हे म्हणाले.

लग्न झाल्यापासून चारचौघांत हे मला आधारच म्हणतात. मलाही ते गोड वाटायचं. आधार असा गुडघे पोटाशी घेऊन बसतो, हे कुठे ठाऊक होतं? मला इतका राग आला म्हणून सांगू!

"मला सरळ उभी काढा. तोंड दिसू दे."

"हत्ती लंगडा होईल. दुपारी गिऱ्हाईक येतंय." हे शिंपल्यातला रंग ढवळायला लागले.

मग मी कागदावर वाकले आणि चित्रातल्या मला म्हणाले, "ऊठ गं बाई."

ती माझीच. एका हाकेत उठली, पदर झटकून किनारीच्या वेलबुट्टीत जाऊन बसली. हत्ती धपकन मागे कलला.

"सूनबाई, कुठे निघालीस?" चित्रातल्या सासूबाई ओरडल्या. देव घसरला आणि त्याने जाऊबाईंची वेणी पकडली. जाऊबाईंनी बोंब ठोकली. ह्यांनी घाईघाईने रिकाम्या जागी एक बकरी रंगवली. तिने आधी वेलबुट्टी खाल्ली, मग चित्रातल्या माझ्या पदराकडे वळली.

"वहिनी, तिला परत पायात बसवा ना. मी पडतोय," देव काकुळतीने म्हणाला.

"मग तुम्हीच या की खाली!"

देव गुणाचा. बासरी कमरेला खोचून उतरला आणि मागच्या पायात उकिडवा बसला. माझी ती देवाच्या जागी चढली, ताठ बसली. हत्ती सरळ झाला. ह्यांनी कपाळाला हात लावला, तोच गिऱ्हाईक दारात.

त्याने चित्र बराच वेळ पाहिलं. "देव कुठाय?"

ह्यांनी पायाकडे बोट दाखवलं.

"असा? नुसती पाठ? अहो, देवाचा काही मान ठेवाल की नाही!"

"आधार आहे तो," हे सवयीने बोलून गेले. माझ्याकडे बघेनात.

"आणि वर ही कोण?"

हे माझ्याकडे वळले. "माझी बायको," म्हणाले, आणि पुढे आधारबिधार काही म्हणाले नाहीत.