नाकारबुवांचा होकार

विद्येचा सारा व्यवहार एका न दिसणाऱ्या विश्वासावर उभा असतो. लिहिणाऱ्याने लिहावे, आणि ज्याला त्यातले कळते अशा एखाद्या परक्या माणसाने, भीड न ठेवता, ते तपासून सांगावे. त्या परक्या माणसाच्या आसनावर लेखक स्वतःच जाऊन बसला, तर तेथे धनाची चोरी होत नाही, निवाड्याची होते. आणि असे करणारा आपला जावई निघाला, तर सासऱ्याची अवस्था धरले तर चावते आणि सोडले तर पळते अशी होऊन बसते.

ज्या संपादकांवर हा प्रसंग आला, ते कीटकशास्त्राचे एक त्रैमासिक चालवीत. कार्यालय म्हणजे एकच लांबट खोली होती. दोन टेबले, मधोमध एक लोखंडी कपाट, आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. संपादकांच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली मागील वर्षांचे अंक रचून ठेवले होते. जुन्या अंकांचा नित्य उपयोग म्हणावा असा तेवढाच.

जावई मुंग्यांचा अभ्यासक होता. मुंग्यांच्या वाटेत पाण्याचा थेंब ठेवला असता त्या कोणत्या बाजूने वळसा घालतात, ह्यावर त्याने निबंध पाठविला. संपादकांनी तो न उघडताच सहसंपादिकेच्या स्वाधीन केला. "हा माझ्या नात्यातला आहे. निर्णय तुमचा. मी ह्या फाइलकडे डोळा वर करूनही पाहणार नाही," असे ते म्हणाले, आणि त्यांनी ते इतके काटेकोरपणे पाळले की फाइल तिच्या टेबलावर दिसली की ते कपाटाच्या पलीकडून फेरी घालून दाराशी जात.

सहसंपादिका नव्यानेच परगावाहून रुजू झालेली होती. एके सकाळी ती प्रसन्न मुखाने त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, नियमाबाहेरची एक आनंदाची गोष्ट सांगू का?"

"नियमाबाहेरची असेल तर आनंदाची नसणार. सांगा."

"तुमच्या जावयांच्या निबंधाला होकार आलाय. परीक्षक त्यांनीच सुचवले होते, ईमेलच्या पत्त्यासकट. मी जरा घाबरतच पाठवला. म्हणतात ना, हे गृहस्थ कुणाचंच पास करत नाहीत. पण दोन दिवसांत उत्तर. 'अवश्य छापावा.'"

"कोण गृहस्थ?"

तिने नाव सांगितले. संपादकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या नावाच्या विद्वानांना सारे लेखक पाठीमागे नाकारबुवा म्हणत.

"बुवांनी होकार दिला?"

"हो."

"आणि दोन दिवसांत?"

"हो ना."

"बाई, ह्याच बुवांनी माझा एक निबंध वर्षभर ठेवून घेतला होता. परत पाठवताना त्यावर एकच शब्द लिहिला होता. 'कशाला?'"

"वय झालं की माणूस मवाळ होतो, सर."

"होतो. पण बुवा गेल्या हिवाळ्यात वारले. वारल्यानंतर इतका मवाळ झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही."

सहसंपादिका खुर्चीचा हात धरून बसली. "वारले? मला कसं कळलं नाही?"

"मी मृत्युलेख लिहिलाय त्यांच्यावर. मागच्या अंकात. पहिल्याच पानावर, चौकटीत."

नेमणुकीच्या मुलाखतीत ह्याच बाईंनी सांगितले होते की त्या आपल्या त्रैमासिकाचा प्रत्येक अंक अथपासून इतिपर्यंत वाचतात. दोघांनाही ते एकाच क्षणी आठवले. ती टेबलाच्या आखूड पायाकडे पाहू लागली.

"चाळला होता, सर. मागच्या बाजूने."

संपादकांना मात्र दुसरेच काही आठवत होते. अंक निघाला त्या आठवड्यात जावई घरी जेवायला आला होता, आणि पान वाढून व्हायच्या आत म्हणाला होता, "बाबा, अंक पहिल्या पानापासून वाचला. डोळ्यांत पाणी आलं." ह्या स्तुतीवर ते पुढे कित्येक दिवस तरंगत होते. आता जावयाचा लबाडपणा त्यांना अधिक लागला की न वाचलेला मृत्युलेख, हे त्यांचे त्यांनाच सांगता येईना.

"काय लिहिलंय बुवांनी?" त्यांनी अखेर विचारले.

ती वाचू लागली. "'केवळ तीन वारुळे पाहिली आहेत, ती अपुरी आहेत. थेंबाबरोबर त्याची सावलीही पडते. मुंग्या थेंबाला वळसा घालतात की सावलीला, हे निबंधावरून ठरत नाही. तरीही अवश्य छापावा.'" ती थांबली. "खरं सांगू, सर? ह्या वर्षी आलेल्या परीक्षणांत हे सगळ्यांत नेमकं आहे. 'तरीही'पर्यंत."

मग तिने आवाज उतरवला. "त्यांची बढती ह्याच निबंधावर आहे ना?"

"असं ऐकतो."

"हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे, सर. मी दुसरा परीक्षक शोधला, तर हे परीक्षण आलंच नव्हतं असं होईल."

संपादक उठले आणि सवयीने कपाटाच्या पलीकडे गेले. तेथून फाइल दिसत नव्हती. लेकीचा चेहरा मात्र तेथूनही दिसत होता. मोह नेहमी मोठे रूप घेऊन येतो असे नाही. कधी तो साध्या मौनाचे रूप घेऊन येतो, आणि मौनाला कष्ट पडत नाहीत. बराच वेळ ते टाकीकडे पाहत राहिले. मग कपाटाच्या अलीकडून, फाइलच्या शेजारून, परत आले.

"तुम्ही नियमाने चला. आधी लेखकाकडे स्पष्टीकरण मागा. खोटेपणा ठरला तर त्याच्या संस्थेला कळवा. मी मध्ये पडणार नाही. आणि पडलोच, तर तेही फाइलला लावा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक आणि जावई घरी आले. जावई चपलांच्या मांडणीपाशीच उभा राहिला.

"बाबा, ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाहीये," लेक म्हणाली. "एकदा सांभाळून घ्या ना. घरातलंच माणूस आहे."

"घरातलं आहे म्हणूनच माझा हात बांधलेला आहे. जावईबापू, बुवांच्या नावाचा तो ईमेलचा पत्ता तुम्हीच उघडलात?"

"हो, बाबा."

"परीक्षणही तुम्हीच लिहिलंत?"

"हो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून."

"ते होय?" लेक नवऱ्याकडे वळली. "मला वाटलं, वरच्या नळाची तक्रार लिहिताय. मी तुम्हाला चहासुद्धा करून दिला."

"पण बुवाच का?" संपादकांनी विचारले.

"त्यांनी हो म्हटलं की पुढे कुणी शंका काढत नाही. शिवाय ते कुठे जात-येत नाहीत, कुणाच्या पत्राला उत्तर देत नाहीत."

"उत्तर न देण्याचं कारण आम्ही पहिल्या पानावर छापलं होतं."

जावयाच्या चेहऱ्यावर आधी प्रश्न उमटला, मग उजेड पडला, आणि मग तो उजेड तांबडा होत कानापर्यंत गेला.

"वाचून डोळ्यांत पाणी आलं होतं तुमच्या," संपादक म्हणाले.

"बाबा, अंक तसा मीही नाही..." लेक नवऱ्याच्या मदतीला धावली.

"तू राहू दे. एका आठवड्यात इतके वाचक गमावणं मला झेपायचं नाही."

मग संपादकांनीच विचारले, "मला एक कळत नाही. परीक्षण स्वतःच लिहायचं, तर त्यात स्वतःचे एवढे दोष कशाला काढलेत?"

"खरं वाटावं म्हणून. बुवा काहीतरी काढणारच." जावयाने मान खाली घातली. "आणि ते दोष आहेतच, बाबा. मला आधीपासून ठाऊक होते. पण वारुळं वाढवायची तर आणखी एक उन्हाळा गेला असता, आणि बढतीची मुदत ह्या महिन्यात."

"म्हणजे स्वतःच्या नावाने झाकलंत आणि मेलेल्या माणसाच्या नावाने उघडं केलंत." संपादकांचा स्वर चढला नाही. "उद्या जाऊन सहसंपादिकांना सगळं लिहून द्या. काही वगळू नका. बढती जाईल. त्याहून अधिक काय जाईल ते तुमची संस्था ठरवेल. तुमच्यासाठी मी कुणाकडे एक शब्दही टाकणार नाही. पण ज्यांचं नाव वापरलंत, त्यांच्या घरी जायला हवं. तिथे मी तुमच्याबरोबर येईन."

बुवांच्या पत्नी एकट्याच राहत. खिडकीशी बुवांचे सूक्ष्मदर्शक यंत्र धुतलेल्या फडक्याने झाकून ठेवलेले होते. जावयाने सारे सांगितले; सांगताना तो दोनदा अडखळला, परंतु संपादकांनी त्याला शब्द पुरविला नाही. बाईंनी सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे हे गेले तरी ह्यांच्यामागचं काम काही गेलं नाही म्हणायचं. वाचा बघू, काय लिहिलंय ह्यांनी."

जावयाने वाचले. 'तरीही' म्हणताच बाईंनी हात वर केला.

"हे ह्यांचं नव्हे. वरचं चाललं असतं. उभ्या संसारात ह्या माणसाच्या तोंडून मी 'तरीही' ऐकलं नाही. मीठ जास्त झालं तर जास्त झालं, संपलं." त्यांनी यंत्रावरचे फडके सारखे केले. "राग आलाय मला. खोटं कशाला बोलू? ह्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, हो. एवढं नावच होतं."

"माझं चुकलं, काकू," जावई म्हणाला. ह्या वेळी तो अडखळला नाही.

बाईंनी मान हलवली, आणि त्या संपादकांकडे वळल्या. "भावजी, मृत्युलेख वाचला मी. पुन्हा पुन्हा वाचला. ह्यांचं जन्मवर्ष चुकलंय त्यात."

संपादकांना शरम वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही. परंतु तिच्या आधी त्यांच्या मुखावर जो आनंद पसरला, तो त्यांना लपविता आला नाही. कोणीतरी वाचले होते.

"पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो, वहिनी."

"छापा. आणि तुम्ही हो," त्या जावयाला म्हणाल्या, "आणखी वारुळं बघणार आहात का, की बढती गेली म्हणून मुंग्याही गेल्या?"

"बघणार आहे. सावलीचंही बघणार आहे."

"मग काय दिसलं ते येऊन सांगत जा मला. हे गेल्यापासून ह्या घरात मुंग्यांवर बोलणं होत नाही."

निबंध नाकारला गेला. संस्थेने समज दिली आणि बढती रोखली, नोकरी राहिली. पुढच्या अंकात ह्या प्रकाराची सूचना निघाली, आणि जन्मवर्षाची दुरुस्तीही. सूचना गावभर वाचली गेली. वाचकांची इतकी पत्रे त्रैमासिकाला पूर्वी कधी आली नव्हती. दुरुस्ती मात्र एकाच घरी वाचली गेली, आणि संपादकांना तेवढे पुरले.

उन्हाळा आला तेव्हा जावई भर दुपारी एका वारुळापाशी गुडघे टेकून बसलेला दिसू लागला. थेंबाची सावली कधी पडावी आणि कधी पडू नये, ह्यासाठी लेक छत्री धरून उभी असे, आणि "डावीकडे... आता मिट" अशा त्याच्या आज्ञा पाळीत असे. तिचा हात भरून येई, तरी ती छत्री हलू देत नसे.

ज्याच्या हातून चुकले त्याचे, ज्यांनी ते झाकले नाही त्यांचे, आणि नावाला धक्का लागूनही जिने दार उघडे ठेवले त्या माउलीचे कल्याण असो. आणि त्या मुंग्यांनाही, थेंबाच्या ह्या किंवा त्या बाजूने, आपापली वाट सापडो.