आत्याच्या नाकातून बारशाला

मी एक जुना विषाणू आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका. नाकं मुरडल्याने मी जात नसतो. माणसांनी मला आरएसव्ही असं एखाद्या कंपनीसारखं नाव दिलं आहे, पण ते घेतो कोण? परळच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या प्रत्येकाला डॉक्टर एकच सांगतात, "व्हायरल आहे." झालं! फ्लू असो, रायनो असो, अॅडिनो असो की मी, आमच्या सगळ्या भावकीला एकाच नावाने हाक. याचा मला भारी राग येतो.

मला हात नाहीत, पाय नाहीत, पोट नाही. कोणाच्या नाकात जागा मिळाली तरच माझा संसार. तिथल्या पेशींना कामाला लावतो आणि माझ्यासारखेच हजारो करून घेतो. जागा नाही मिळाली, तर दाराच्या कडीवर काही तास तग धरतो आणि सुकून जातो. साबणाचा फेस म्हणजे तर माझा काळच. पण हे मी मान खाली घालून सांगत नाही हं. इतकी वर्षं तुमच्या नाकावर टिच्चून जगलो आहे!

मोठ्या धडधाकट माणसाला मी बहुतेक वेळा सर्दी-खोकल्यावर सोडतो. तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याच्या छातीतल्या बारीक श्वासनळ्यांत उतरलो की त्या सुजतात, चिकटतात. बाळ दूध ओढेनासं होतं, श्वासागणिक त्याच्या बरगड्या आत जातात. मी असाच आहे. वाघाला कोणी गवत खा म्हणतं का?

यंदा गणपतीत लालबागला दर्शनाच्या रांगेत मी बकुळाच्या नाकात शिरलो. बकुळा म्हणजे परळची एक खमकी बाई. धाकट्या भावाला, स्वप्नीलला, तिने कडेवर घेऊन वाढवलेलं. त्याला बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला होता. पोर आठव्या महिन्यातच जन्मलं, बरेच दिवस काचेच्या पेटीत होतं आणि आता कुठे घरी आलं होतं. बकुळाने अजून त्याला हातातही घेतलं नव्हतं. पितृपक्ष लागायच्या आत बारसं उरकायचं ठरलं होतं आणि बारशाला आत्याचा मान मोठा! बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्र्र' करायचं, नाव सांगायचं, आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालायचे. बकुळा त्या धपाट्यांसाठी आसुसली होती.

आणि नेमकी तेव्हाच ती शिंकायला लागली. धावत दवाखान्यात गेली. डॉक्टर सुनेत्राबाईंनी घसा पाहिला, छाती तपासली.

"व्हायरल आहे. गरम पाणी प्या, आराम करा. ताप आला तर ही गोळी. आणि लहान बाळांपासून लांब राहा."

"अहो बाई, सुई तरी मारा! मला बारशाला जायचंय."

"सुईने हे जात नाही. अँटिबायोटिक पण देणार नाही, त्याचा काही उपयोग नाही."

"मग डॉक्टर कशाला म्हणायचं तुम्हाला?" बकुळा फणकारली आणि उठली.

घरी येऊन तिने कपाटावरचा बिस्किटाचा डबा काढला. गिरणगावात घरोघरी असा डबा असतो, उरलेल्या गोळ्यांचा. नवऱ्याची दाढ काढली तेव्हाच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या त्यात होत्या. तिने त्या सकाळ-संध्याकाळ घेतल्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! त्या गोळ्या जिवाणूंवरच्या, आणि मी विषाणू. माझ्या केसालाही धक्का लागला नाही. दोन-तीन दिवसांनी तिचा ताप आपसूक उतरला, कारण तिचं शरीर माझ्याशी झुंजत होतं. श्रेय मात्र गोळीने खाल्लं. "बघा, डॉक्टरीणबाईला काही कळत नाही," असं ती शेजारपाजारी सांगत सुटली. मी तिच्या नाकात बसून मनसोक्त हसलो. तिला वाटलं मी गेलो. मी होतो!

बारशाच्या दिवशी ती नवी साडी नेसून लालबागच्या चाळीत पोचली. खोली बायकांनी भरलेली, पाळण्याला झेंडूच्या माळा. बाळाची आई अनुजा, दादरच्या ऑफिसात काम करणारी शांत मुलगी, बाळाला छातीशी धरून बसली होती. बकुळाने हात पुढे केले आणि पदराने नाक पुसलं. मी तयारच होतो. बाळाचा कान आणि नाक यांत अंतर ते किती!

अनुजा उठून मागे सरली. "ताई, तुम्हाला सर्दी आहे?"

"होती. गोळ्या घेतल्या, बरी झाले."

"कुठल्या गोळ्या?"

"ह्यांच्या. दाढेच्या उरलेल्या."

खोलीत कोणीतरी फिस्सकन हसलं. अनुजा हसली नाही. "ताई, रागावू नका. पण बाळ मी देणार नाही."

क्षणभर कोणाला खरंच वाटेना. मग बकुळाची आई मालन कडाडली, "असां काय करतंस गो? आत्येन कुर्र्र केल्याशिवाय बारसां होता काय? सर्दीन कोण मरता काय?"

"आई, हा पेटीत होता तेव्हा मी काचेला हात लावून बसायचे. एकेक श्वास मोजलाय मी ह्याचा. मला वाईट म्हणा, चालेल. बाळ देणार नाही."

"अगं, एक मिनिटाचा तर प्रश्न आहे," स्वप्नील पुटपुटला.

"एक मिनिटसुद्धा नाही."

काय सांगू मित्रांनो! ऑफिसात मान वर न करणारी ती पोरगी सगळ्या चाळीसमोर ठाम उभी होती. तिचं पाऊल हललं नाही. मला असा राग आला! सुईला भ्यायलो नाही, गोळीला भ्यायलो नाही, आणि ही बाई मला दारातच अडवते?

तिने बकुळाकडे पाहिलं. "डॉक्टर काय म्हणाल्या होत्या, ताई?"

बकुळा खोटं बोलू शकली असती. तिने बाळाकडे पाहिलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "लहान बाळांपासून लांब राहा म्हणाल्या."

आणि ती वळून बाहेर पडली. "गेली रुसून," बायका कुजबुजल्या. मालनने डोक्याला हात लावला.

तेवढ्यात गॅलरीच्या पार टोकाकडून आरोळी आली. "कुर्र्र्र! नाव ठेवलं पुष्कर!" तोंडाला रुमाल गच्च बांधून बकुळा ओरडत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "ऐकलंस का रे पुष्कर? तुझी आत्या बोलत्येय!" खालच्या मजल्यावरच्यांनी माना वर केल्या. मग बायका धावल्या आणि तिथेच त्यांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. तिला खोकल्याची उबळ आली. मी जोरात बाहेर उडालो आणि थेट त्या रुमालात अडकलो. बाळ आत झोपलेलंच होतं.

मित्रांनो, मी हरलो असं कुठे लिहू नका. माझी भावकी मोठी आहे. पुढच्या गणपतीतही आम्ही असूच. पण तुम्हाला सांगून ठेवतो. सर्दीला सुई मागू नका, दुसऱ्याच्या गोळ्या गिळू नका, हात धुवा, खोकताना तोंड झाका. आणि घरात तान्हं बाळ असेल, तर घरच्याच माणसाला 'नको' म्हणायला लाजू नका. माझ्यासमोर अशी ठाम उभी राहणारी माणसं फार थोडी भेटली.

पुढे एकदा मी एका फुलवालीच्या नाकात बसून त्याच दवाखान्याच्या बाकावर होतो. बकुळा आली. डॉक्टर सुनेत्राबाईंना मोबाइलवर फोटो दाखवायला लागली, पुष्कर तिच्या मांडीवर, दोघंही हसतायत. बकुळा खडखडीत बरी झाल्यावर अनुजाने स्वतः आणून दिला म्हणे.

म्हणे, कारण तेव्हा मी तिथे नव्हतो.