काढून ठेवलेला गिअर

"कट्." चेन एका चक्रीवरून दुसऱ्या चक्रीवर गेली की असा आवाज व्हायचा. चढ लागला की मास्तर अंगठा दाबायचे, तार ताणली जायची आणि मी चेन सरकवायचो. कट्. मग त्यांचा श्वास जरा सैल पडायचा. तो आवाज ऐकून पुष्कळ वर्षं झाली.

डोंगरी सायकलच्या मागच्या चाकाजवळ लोंबतो ना, तो गिअर मी. एक स्प्रिंग आणि दोन चिमुकली चाकं, एवढाच माझा संसार. फ्रेम आणि मी एकाच खोक्यातून या घरात आलो. पुढे मास्तरांचे गुडघे कुरकुरू लागले आणि सायकल जिन्याखाली गेली. तिथेही आम्ही दोघं एकाच धुळीखाली होतो.

मास्तरांची बायको नर्स. बाईंची बदली जवळच्या दवाखान्यात झाली, तेव्हा सायकल बाहेर निघाली.

"अहो, मला एवढे गिअर कशाला? मला डोंगर चढायचा नाहीये, कामावर जायचंय."

"एकच चक्री ठेवतो. रस्ता सगळा सपाट. कशी हलकी होते बघ!"

मास्तरांनी पाना घेतला. सात चक्र्या उतरल्या, त्यांच्या जागी एक बसली. तार निघाली, मीही निघालो. फ्रेमला घासूनपुसून गर्द हिरवा रंग दिला, पुढे टोपली लावली. मला जिन्याजवळच्या खिळ्याला अडकवलं.

खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं माझ्या. शेजारीण विचारायची, "नवी घेतलीत?" फ्रेम आपली गप्प. जुनीच आहे म्हणायला काय झालं होतं तिला? आणि ती चक्री! अंगावर दाते सोळा, पण तोरा असा की सायकल जणू तीच चालवते.

फ्रेमची एक खोड मला ठाऊक होती. चाक बसवायच्या तिच्या मागच्या खाचा उभ्या. चाक मागे ओढून चेन ताणायची सोयच नाही. एक कडी काढली तर चेन पुरेना, ठेवली तर सैल. मेकॅनिकनं सांगितलंही होतं, "मास्तर, जुना गिअरच लावा. चेन ओढून धरेल."

"छे! मग सुटसुटीत कशी दिसेल?"

मी खिळ्यावरून रोज चेनला म्हणायचो, पड. एकदा तरी पड.

पडली. बाई सायकल ढकलत आल्या. हात काळे, कोपर सोललेलं. "चेन पडली, मागोमाग मीही पडले. दिसायला मात्र छान आहे हो तुमची सायकल!"

आधी मला आनंद झाला, हे कबूल करतो. मग ते कोपर दिसलं. मला फजिती हवी होती ती फ्रेमची.

मास्तरांनी मला खाली काढलं, रॉकेलनं धुतलं, तेल दिलं. पुन्हा मागच्या चाकाजवळ लावलं आणि स्क्रू पिळून एका जागी पक्कं केलं. तार काही जोडली नाही. "आता हलायचं नाही," ते पुटपुटले. "नुसती चेन ओढून धरायची." जन्मभर मी हलण्याचंच काम केलेलं. तुमच्याही घरी कुणी असं काढून ठेवलेलं असेल, तर अधूनमधून थेंबभर तेल टाकत जा. स्प्रिंग एकदा गंजली की मनात असूनही ओढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यापर्यंतचे सगळे खड्डे मी दात आवळून काढले. वर हिरवा रंग मिरवत होता. पाहिलं मी, आणि तरीही जळलो.

संध्याकाळी मास्तर फाटकातच उभे होते. त्यांनी चेनकडे पाहिलं, मग बाईंच्या हातांकडे. हात स्वच्छ होते. आज तरी कुणी माझं नाव घेईल म्हणून मी कान देऊन होतो.

बाईंनी सायकल लावली, टोपलीतली पिशवी उचलली, आणि आत निघून गेल्या.