मरेपर्यंत ठणठणीत

मृत्यूपुढे राजा आणि रंक सारखेच, हे त्रिकालाबाधित सत्य होय. आमच्या गल्लीतल्या कुवाबारा घराण्याला मात्र ते कुणी कळवलं नसावं. त्या घरातले पुरुष पंचेचाळिशीच्या आत जात, आणि प्रत्येक जण आपलं स्वतंत्र कारण घेऊन जाई. आजोबा नववर्षाचा मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, घशात अडकून गेले. मोची ताटलीत तसाच होता, पण ती बारीक गोष्ट. धाकटे आजोबा कढत पाण्याच्या टबात गेले. त्या घरच्या सेत्सुवहिनींचा नवरा छपरावरचा बर्फ ढकलताना गेला. दोष कधी मोचीचा, कधी पाण्याचा, कधी बर्फाचा. छातीचं नाव कुणी घेतलं नाही. घेतलं असतं तर त्या घरात मुलगी कुणी दिली असती?

कारण आमच्याकडे सोयरीक ठरण्याआधी मुलीकडचं एखादं माणूस गल्लीत येऊन चौकशी करून जातं, आणि शेजाऱ्यांनी चांगलंच सांगायचं ही रीत आहे. आज तुम्ही आमचं झाका, उद्या आम्ही तुमचं.

त्या घराची एक खूणही होती. घोट्यामागची शीर सगळ्यांची बांबूसारखी जाड. गल्ली कौतुकाने म्हणे, "कुवाबारांची टाच! डोंगर चढायला देवाने दिलेली."

गेल्या उन्हाळ्यात पितरांच्या सणाला वहिनींचा एकुलता एक मुलगा रेइजी सेंदाई शहरातून घरी आला. कबर धुताना पाय कापला, म्हणून वहिनी त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथली नवी डॉक्टरीण, अरिमुरा, जखमेकडे कमी आणि टाचेकडे जास्त बघत बसली.

"वडील कशाने गेले?"

"बर्फाने," रेइजी म्हणाला.

"वय?"

"त्रेचाळीस."

"आणि तुमचं?"

"बेचाळीस."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "बर्फ नसावा तो. रक्तातली चरबी काढून टाकायचं काम काही घराण्यांच्या अंगाला जन्मापासूनच जमत नाही. ती या शिरेत साठते, तशीच हृदयाच्या धमन्यांतही बसते. पण यावर रोजच्या गोळ्या आहेत. आधी रक्त तपासू या."

"लग्न ठरल्यावर तपासू," असं म्हणून रेइजीने बूट चढवले.

वाटेत वहिनी म्हणाल्या, "अरे, पण नुसतं तपासायला काय हरकत आहे?"

"आई, तपासलं की आजार होतो. नाही तपासलं तर मी ठणठणीत. उलट तुझीच सोय! कुणी विचारायला आलं तर खोटं बोलावं लागणार नाही."

"लग्न झाल्यावर तरी जाशील ना?"

"एक मूल होऊ दे. मग बघू."

वहिनींनी विषय सोडून दिला. त्यांच्या एकट्या घरात सून यायची होती, निदान सणावारी तरी.

पानगळीत रेइजीसाठी सुचवलेल्या मुलीची मावशी, मियोशीबाई, चौकशीला आल्या. आधी तोफूवाल्या तोराओकडे गेल्या. तो हात पुसत म्हणाला, "कुवाबारा? अहो, बैलासारखी माणसं! मरेपर्यंत ठणठणीत असतात."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

मग बाई वहिनींकडे आल्या. चहा झाला, पर्सिमन फळाच्या फोडी झाल्या, हवापाणी झालं. शेवटी कप खाली ठेवत त्यांनी रीतीप्रमाणे अर्धवट प्रश्न टाकला, "घराण्यात तसं काही… नाही ना?"

यावर "छे, छे" म्हणून पुन्हा चहा ओतायचा असतो. वहिनींनी किटली उचललीही.

"माझ्या वेळी माझी आत्या चौकशीला आली होती," त्या म्हणाल्या. "याच तोफूच्या दुकानात तिने विचारलं. तोराओच्या बापाने सांगितलं, मरेपर्यंत ठणठणीत. आत्या खूश झाली. पुढे यांना छपरावरून खाली घेतलं तेव्हा रेइजी पहिलीत होता, आणि शिडी मी धरली होती."

त्यांनी किटली खाली ठेवली. "आहे. घराण्यात आहे. हृदयाचं आहे. औषधही आहे, पण तो तपासून घेत नाही. तुमच्या भाचीला म्हणावं, आधी रक्त तपासायला लाव, मग हो म्हण."

मियोशीबाईंनी हातातली फोड परत ताटलीत ठेवली. मग म्हणाल्या, "हे मला सांगायला नको होतं हो तुम्ही. आता मला ते माहीत आहे, असं झालं."

आठवड्याने निरोप आला की मुहूर्त जुळत नाहीत. मुहूर्त अजून कुणी काढलेच नव्हते.

रेइजीचा फोन आला. "सुखी झालीस?" एवढंच विचारून त्याने ठेवला. पुढे तो उचलेनासा झाला. तोराओ रस्त्यात म्हणाला, "वहिनी, माझ्या पोरीचं जमवायचंय. उद्या लोक म्हणतील गल्लीच्या पाण्यातच खोट आहे." त्यानंतर त्याचा तोफू वहिनींच्या दाराशी यायच्या आत संपायला लागला. आम्ही बाकीची सभ्य माणसं. आम्ही फक्त त्या समोरून आल्या की रस्ता बदलायचो.

हिवाळा आला. वहिनी एकटीपुरता भात लावत आणि सवयीने दोघांचा होई. टीव्हीवरच्या बातमीदाराने "नमस्कार" केला की त्या उलट नमस्कार करत. दिवसभरात तेवढंच बोलणं. छपरावरचा बर्फ उतरवायला कुणी आलं नाही. रात्री तुळया कुरकुरत, आणि वहिनींना वाटे की आपण एका खऱ्या वाक्यासाठी मुलगा घालवला.

थंडी ओसरायला लागली तेव्हा एका दुपारी फोन वाजला.

"तुला खोटं पाडायला गेलो होतो," रेइजी म्हणाला. "म्हटलं, निरोगी असल्याचा दाखला आणून तुझ्या तोंडावर मारावा. आकडा बघून डॉक्टरने आणखी दोन डॉक्टर बोलावले."

वहिनींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दोन धमन्या अरुंद झाल्यात. उद्या मनगटातून तार घालून उघडणार आहेत. वेळेत आलात म्हणाले. मग गोळ्या, जन्मभर. आई, बाबांनाही हेच होतं ना?"

"हेच होतं रे."

दोघांच्या मध्ये बर्फ, मोची आणि कढत पाणी घेऊन कुवाबारांच्या पिढ्या निमूट उभ्या होत्या. गल्लीने कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

"सही करायला घरचं माणूस लागतं म्हणे," रेइजी म्हणाला.

"निघालेच मी."

"आणि आई…"

"काय रे बाळा?"

"येताना माझी जुनी उशी आण. इथली फार उंच आहे."