रंगाचा दुसरा हात

मी एक ब्रश बोलतोय. आधी दात घासायचो, आता केस रंगवतो. माझे तंतू वाकले तेव्हा काळुराम मला फेकायला निघाला होता. त्याच्या बायकोनं, मैनेनं, मला त्याच्या हातातून काढून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या. डाय लावायला होईल."

तुमच्या घरांत जुना ब्रश सहसा मरत नाही, त्याचं काम तेवढं बदलतं. माझं बदललं नसतं तर बरं झालं असतं.

घर पेणचं. काळुराम, मैना आणि काळुरामची थोरली बहीण शांती. लग्नानंतर वर्षाच्या आत शांतीचा नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली. तेव्हापासून ती गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. मूर्तीच्या अंगावर तिनं दिलेला रंग कुठं दाट, कुठं फिका दिसायचा नाही. स्वतःच्या डोक्याकडे मात्र तिनं फारसं पाहिलं नव्हतं. अधूनमधून मेंदी थापायची, एवढंच.

मग मैना तिला काळी पावडर लावू लागली. पहिल्या वेळी शांतीच्या कानामागं थोडी खाज सुटली. दुसऱ्या वेळी तिथं बारीक पुरळ आलं. तिनं खोबरेल चोळलं आणि विसरून गेली. मी विसरलो नाही. माझे तंतू केसांच्या मुळाशी जातात. आरशाला जी कातडी दिसत नाही, ती मला लागते. ती गरम झाली होती.

अशात रोह्याच्या दिनानाथचं स्थळ आलं. त्याची बायको वारली होती. तो जवळच्या धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. कारखान्यातल्या गिरजाबाईनं मध्यस्थी केली. रविवारी दुपारच्या गाडीनं तो शांतीला बघायला येणार होता.

शनिवारी मैनेनं पावडर कालवली आणि मला त्यात बुडवलं. धुऊन, उन्हात वाळवल्यावर तिनं शांतीसमोर आरसा धरला. मुळं काळीशार. खाली जुन्या मेंदीवर रंग चढून केस तांबूस-जांभळे झालेले. कानशिलांवर तर रंग धरलाच नव्हता, तिथं पांढरे पट्टे तसेच.

गिरजाबाई निरोप सांगायला आली आणि दारातच थबकली.

"शांते, गणपतीला असा रंग सोडला असतास काय गो?"

शांती हसली नाही. "एका हातात रंग बसत नाय," ती म्हणाली. "दुसरा हात मारायला लागतो."

मातीला ते चालतं. माती तक्रार करत नाही.

रविवारी सकाळी शांती पुन्हा पाटावर बसली. मैनेनं भांग पाडला आणि तिचा हात थांबला.

"वन्स, कानामागं लाल झालंय. पाणी सुटलंय. नको आज."

"लाव तू."

"सुजलंय ओ."

"तो मानूस यायचा हाय, वयनी. ह्या डोक्यानं समोर जाऊ काय मी? लाव."

मैनेनं लावलं. मी त्या ओल्या कातडीवरून फिरलो. शांतीनं दात आवळले होते. लवकर धुवायला ती तयार नव्हती, रंग नीट मुरू दे म्हणाली. वर प्लास्टिकची पिशवी बांधली.

डोकं धुतलं तोवर कपाळ फुगलं होतं. पापण्या जड झाल्या. मैनेनं ओलं फडकं ठेवलं, काळुरामनं पंखा लावला. शांतीला साडी नेसवायला घेतली, तर तिला निऱ्या दिसेनात. डोळे मिटत चालले होते.

दिनानाथ दारात आला तेव्हा ती भिंतीला धरून उभी होती. तिला काही सांगायचं होतं. आवाज घोगरा निघाला, मग निघेनासाच झाला. श्वासाला शीळ यायला लागली.

दिनानाथनं चपला काढल्याच नाहीत. "रिक्षा बघा," तो काळुरामला म्हणाला आणि त्यानं शांतीला दंडाला धरलं.

मैनेनं उरलेलं पाकीट आणि मला एका पिशवीत कोंबलं. म्हणून दवाखान्यातलं मी पाहिलं. डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिलं, नाकावर ऑक्सिजन लावला, मग पिशवी उघडली.

"याआधी खाज आली होती?"

मैना खाली बघत म्हणाली, "व्हय. दोनदा."

"तेव्हाच थांबायला हवं होतं. आता हिनं आयुष्यात हा रंग लावायचा नाही. आणि कुणीही लावायच्या आधी थेंबभर कानामागं लावून दोन दिवस वाट बघायची."

शांतीचे डोळे उघडायला काही दिवस गेले. दिनानाथ शिफ्ट संपवून रोह्याहून येत होता. बाकावर बसायचा. तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हात डोक्याकडे गेला.

"कसं दिसतंय?"

"तीन रंग अजून हायत," तो म्हणाला. "पण डोळे उघडलेत तुमचे. तेवढं बरं."

पुढं तिनं केस बारीक कापून घेतले. ते पांढरे वाढले आणि तशीच ती लग्न होऊन रोह्याला गेली. मला कुणी फेकलं नाही. न्हाणीघराच्या फळीवर मी पडून राहिलो.

आज मैनेनं आरशात भांग निरखून पाहिला. जवळच्या जिते गावात लग्न आहे. काळुराम दारातून म्हणाला, "शांतीचं इसरलीस काय?"

"वन्सांची कातडीच नाजूक," ती म्हणाली. "मला कधी काय झालंय?"

नवं पाकीट तिनं दातानं फाडलं. वाटीत पाणी ओतलं आणि मला उचललं. तिच्या कानामागं बारीक पुरळ आहे. ते तिला दिसत नाही, काळुरामलाही नाही.

मला हाक मारता येत नाही. तुम्ही जवळ असाल तर तिचा हात धरा. नुसतं एवढं म्हणा, मैने, दोन दिवस थांब गो.

वाटीतलं पाणी काळं होत चाललंय.