चौथं टोपडं

"डोक्याचं माप कुणी घेतलं होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. शुभाने नकारार्थी मान हलवली. तीन महिन्यांच्या लेकीचं डोकं कोण मोजत बसतं?

कोपऱ्यात उभ्या असलेल्या सुगंधाने पिशवीतून तीन टोपडी काढली. मुलुंडमधली निम्मी पोरं तिच्या हाताखाली न्हाऊन मोठी झालेली, आणि प्रत्येकाला टोपडं शिवायचं हा तिचा शिरस्ता. "ह्यां बारशाचां, ह्यां गौरींच्या दिसातलां, ह्यां गेल्या आयतवारचां. आता ह्यात पण डोकां जायना."

बाईंनी टोपड्यांना टेप लावून कागदावर तीन ठिपके काढले, ते जोडले. रेघ सरळ वर चढत गेली.

"मेंदूत रोज पाणी तयार होतं आणि बारीक वाटेने निघून जातं. हिची वाट बंद झालीय. तुंबलेलं पाणी मेंदूला आतून कवटीवर दाबतंय. हाडं अजून जुळली नाहीत म्हणून डोकं वाढत गेलं. टाळू बघा कशी वर आलीय."

त्याच टाळूवर सुगंधा रोज तेल घालत होती. खळगा भरून आला तेव्हा सगळ्या बिल्डिंगभर मिरवली होती, "माज्या हाताचो गुण!" बाळाचे डोळे खाली खाली जात, तर म्हणायची, "लाजता गो!" गौरींत शुभाने भीत भीत विचारलं होतं, डॉक्टरांना दाखवू का? तिनेच उडवून लावलं होतं.

"माज्या तेलान झालां काय, बाई?"

"नाही हो. पण महिनाभर आधी आणलं असतं तर..."

सुगंधाने शुभाकडे पाहिलं. शुभा कागदावरच्या रेघेकडे बघत राहिली.

ऑपरेशन झालं. डोक्यातून कातडीखालून पोटापर्यंत नळी घातली, मध्ये दाब वाढला की उघडणारी वालाच्या दाण्याएवढी झडप. पाणी उतरलं, डोकंही थोडं ओसरलं. डोळ्यांची शीर मात्र फार दिवस दबून राहिली होती. दिसेल की नाही, कुणीच सांगेना.

आता आपल्याला कोण बोलावतंय, असं सुगंधा धरूनच चालली होती. पंधराव्या दिवशी शुभाच दारात आली. "उद्यापासून ये गं. तिला तुझ्या हाताची सवय आहे."

सुगंधाने चौथं टोपडं तिसऱ्याच्याच मापाचं शिवलं, कानामागच्या झडपेला टोचू नये म्हणून आतून मऊ मलमल लावली. महिना उलटला तरी ते नीट बसत होतं. रोज न्हाऊ घातल्यावर ती बाळाच्या डोळ्यांपुढे बोट हलवून बघे, थोडी थांबे, आणि मग टोपड्याचे बंद बांधे.