तेरावं टर्मिनल

"गाडी खड्ड्यात आदळली की इंजिनच बंद! काल तर आत पेशंट होता हो, ताई," ॲम्ब्युलन्सवाले काका म्हणाले.

मावशीने त्यांच्या गाडीतून काढलेल्या जुन्या कनेक्टरची एक वायर ओढली. टोकावर दाबून बसवलेल्या पितळी टोपीतून, टर्मिनलमधून, ती अलगद हातात आली. "याला दाबणं म्हणतात? ही तर नुसती भेटायला आली होती."

गाड्यांचं वायरिंग हा मावशीचा धंदा. मी सुट्टीभर भंगार वायरींवर टर्मिनल दाबून हात बसवला होता. म्हटलं, "आज मी दाबते!"

"बारा लागतात. तेरा दाब. एक मी कापून बघणार. ते पास, तर तुझीच गाडीत. नाहीतर बाईसाहेब, झाडू तिकडे आहे."

मी तेरा दाबली. मावशीने प्रत्येक स्प्रिंगकाट्याला लावून ओढलं. एकही सुटलं नाही. पण सातव्याची वायर सोलताना एकोणीस तारांतली एक तुटली होती. ते फक्त मला माहीत होतं.

"कुठलं कापू?"

"तिसरं," मी पटकन म्हणाले.

मावशीने ते मधोमध कापलं, बारीक पॉलिशपेपरवर घासलं, मायक्रोस्कोपखाली ठेवलं. मी डोळा लावला.

गोल तारा गोल राहिल्याच नव्हत्या! एकमेकींत घट्ट बसून सगळ्या षटकोनी झाल्या होत्या, तांब्याचं चकाकतं पोळंच. मध्ये सुईच्या टोकाएवढीही फट नाही. भूमितीच्या पेपरात मला एक षटकोन धड जमत नाही, आणि इथे एका दाबात एकोणीस!

"हे... मी केलं?"

"मग काय शेजारणीने? हवा शिरायलाच जागा नाही, गंज कुठून चढणार? पास!"

मी पुन्हा पाहिलं. पुन्हा मोजलं. एकोणीस. इतकं सुंदर काहीतरी आत असतं आणि बाहेरून कुणाला कळतही नाही. सातव्याच्या आत काय असेल, हेही कुणाला कळणार नव्हतं.

"मावशी, सातवं बाद कर."

"का गं? काट्यावर टिकलंय की."

"त्यात अठराच आहेत. मला माहीत होतं."

 मी कटर उचलला आणि सातवं स्वतःच छाटून टाकलं. "आणखी दोन दाबते. एक गाडीला, एक तुला कापायला. कुठलं कापायचं ते तूच ठरव."

दारातून काकांनी डोकावलं. "ताई, अजून किती वेळ?"

मावशीने वायरचं बंडल माझ्यापुढे सरकवलं. "मला काय विचारता? तिला विचारा."